ट्राउटच्या आधी आलेली माशी

गळावर पिसे, लोकर आणि रेशमी दोरा गुंडाळून कीटकाचा भास उभा करायचा आणि त्या भासाने मासा फसवायचा, या कलेविषयी आपल्याकडे एक मत इतके पक्के होऊन बसले आहे की ते तपासून पाहायची कोणाला गरजच वाटत नाही. मत असे: माशी बांधणे हा थंड देशातल्या ट्राउट नावाच्या माशापायी साहेबाने काढलेला छंद. हिवाळाभर शेकोटीशी बसून माश्या बांधायच्या, आणि वसंतात नद्या मोकळ्या झाल्या की त्या घेऊन काठावर जायचे. आपल्याकडे ना तो मासा, ना ती नदी, ना तो वसंत. श्रीरामपुरात चैत्र म्हणजे पारा चाळिशीला टेकलेला आणि सगळ्यांचे डोळे पाटाच्या आवर्तनाकडे लागलेले. अशा गावात कोणी माश्या बांधत बसला तर तो एक तर रिकामटेकडा किंवा साहेबाची नक्कल करणारा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माझ्या एका मित्राने हेच मत फार थोडक्यात मांडले: "मासा पाहिजे तर भोई आळीत जावं, नि माशी पाहिजे तर गुऱ्हाळावर." वाक्य झकास आहे. झकास वाक्याची पंचाईत एवढीच की ते ऐकल्यावर वाद संपला असे वाटते.

या पूर्वपक्षातला ट्राउटविषयीचा भाग मी विनातक्रार मान्य करतो. ट्राउटला साधारण वीस अंशांच्या आतले, प्राणवायूने भरलेले वाहते पाणी लागते. पाणी पंचविशीकडे सरकले की त्याच्या जिवावर बेतते. भारतात तो टिकला तो काश्मीर-हिमाचलात आणि दक्षिणेत निलगिरी, मुन्नारच्या उंच डोंगरांत. आपल्या जिल्ह्यातले कळसूबाई हे राज्यातले सर्वांत उंच शिखर, त्याची उंची १,६४६ मीटर. आणि शिखरावर काही नदी वाहत नाही. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याला अडते, ओझरच्या बंधाऱ्यावर डाव्या-उजव्या कालव्यांत वाटली जाते, आणि उरलेली बेलापूर, नेवासे करत प्रवरासंगमाला गोदावरीत जाते. या सबंध वाटेवर ट्राउट एक उन्हाळा काढणार नाही. पर्यटनासाठी भंडारदऱ्यात ट्राउट सोडा, असे कोणी सुचवलेच तर त्याच्या हाती आदराने थर्मामीटर द्यावा.

मात्र ट्राउट इथे नाही म्हणून माशीही इथे नको, असे म्हणायचे तर मधली एक पायरी सिद्ध व्हावी लागते. ती पायरी म्हणजे माशी ट्राउटसाठीच असते. ती कोणी सिद्ध केलेली नाही, आणि भारतातला कालक्रम तर तिच्या सरळ विरुद्ध जातो. फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये निलगिरीत ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला, तो फसला. काश्मीरसाठी १८९९ मध्ये निघालेली अंड्यांची पहिली खेप वाटेतच मेली. १९०० साली आलेली स्कॉटलंडची खेप जगली. कुलू आणि निलगिरीत ट्राउटचा खरा जम बसला तो त्याहीनंतर. आता दुसरी तारीख पाहा. दक्षिण कॅनराचे कलेक्टर हेन्री सलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक मंगळूरहून निघाले १८७३ मध्ये. त्या पुस्तकाचा नायक महसीर, म्हणजे आपल्याकडच्या खडसाचा गोतावळा. आणि इथल्या माशांना बांधलेल्या माशीने कसे धरावे याचीही चर्चा त्यात आहे. म्हणजे या देशात परदेशी ट्राउटचे एक पिल्लूही जगलेले नव्हते तेव्हा इथल्या माशांसाठी इथे माश्या बांधल्या जात होत्या. ट्राउट नंतर आला आणि माशीवर मालकी सांगू लागला. आपणही ती मुकाट्याने देऊन टाकली.

यावर लगेच उत्तर येईल, की थॉमस तरी कोण, साहेबच ना. खरे आहे. पण ही कला साहेबाची असेल तर ती साहेबाच्या देशात सुरू झालेली असायला हवी, आणि तसे दिसत नाही. इसवी सन २००च्या सुमारास लिहिणारा रोमन लेखक ईलियन मॅसिडोनियातल्या एका नदीवरची रीत सांगतो: गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळायची, तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधायची. इंग्लंडातली पहिली छापील मासेमारीची पोथी १४९६ची. मधली तेराशे वर्षे साहेब कुठे होता? आणि ही पैसेवाल्यांची करमणूक आहे म्हणावे, तर जपानच्या डोंगरातली तेंकारा नावाची रीत पाहावी. एक लांब वेळूची काठी, घोड्याच्या केसांची दोरी, टोकाला पुढच्या बाजूला पिसारा झुकलेली एकच माशी. चाक नाही, फिरकी नाही, खिशा-खिशांचे जाकीट नाही. ती मासेमारी करणारे डोंगरातले गावकरी होते. धरलेला मासा ते यात्रेकरूंच्या आणि उन्हेऱ्यांच्या धर्मशाळांना विकत. त्यांच्या लेखी ती पोटाची विद्या होती.

आता या वादाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मंडळींशीही दोन शब्द. 'साहेबाचे' म्हटले की लगेच 'आमच्याकडे हे आधीच होते' म्हणणारा एक पक्ष उभा राहतो, आणि त्याच्या हातात बहुधा 'मानसोल्लास' असतो. ग्रंथ तोलामोलाचा आहे यात शंका नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला हा संस्कृत कोश ११२९च्या आसपासचा; वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात ही नोंद त्यातलीच, म्हणून मराठीच्या इतिहासकारांना तो जवळचा. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये जी. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित करून काढला. आडनाव आमच्या जिल्ह्यातल्या गावाचे, म्हणून उगाच थोडा अभिमान वाटतो. यातल्या विनोदांच्या विंशतीत मत्स्यविनोद हा एक विषय आहे, आणि प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर सविस्तर लिहिले. त्यात माशांच्या जाती आहेत, कोणत्या माशाला कसले आमिष लागते ते आहे, ठरलेल्या जागी चारा टाकून मासे जमवण्याची रीत आहे, काठी-दोरी-गळ आहे. राजा स्वतः गळ टाकतो आहे, म्हणजे गळ टाकणे हे हलके काम, ही समजूत तरी बाराव्या शतकातल्या दरबारात नव्हती.

पण त्यात माशी नाही. पिठाचे गोळे आहेत, मांस आहे, पिसाचा बनावट किडा नाही. आमिषाने मासा धरणे आणि आभासाने मासा धरणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. एकीत माशाच्या भुकेला खरोखरीचा घास मिळतो. दुसरीत त्याच्या नजरेशी खेळायचे असते, आणि त्यासाठी तो काय खातो यापेक्षा तो काय पाहतो हे कळावे लागते. मत्स्यविनोदाला माशीचे शास्त्र म्हणणे म्हणजे वडाची साल पिंपळाला. सोमेश्वराच्या ग्रंथाला अशा उसन्या श्रेयाची गरज नाही, आणि आपल्यालाही नसावी.

'आपला या कलेशी संबंध नाही' हे मत खोटे ठरते ते पोथ्यांवरून नव्हे, व्यापाराच्या हिशेबावरून. इथे जरा थांबले पाहिजे. सह्याद्रीच्या जंगलात राखी रानकोंबडा असतो. त्याच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाला पिवळट पांढरा, कडक, चकचकीत ठिपका असतो, वार्निश दिल्यासारखा. पिसाच्या इतर भागासारखा तो पाण्याने चिंब होत नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंड-इंग्लंडातल्या सॅमन धरणाऱ्यांना हा ठिपका सापडला, आणि माशीच्या दोन्ही अंगांना बसवला की तो हुबेहूब डोळा दिसतो हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हापासून 'जंगल कॉक' हे पीस त्यांच्या पेटीतले अनिवार्य सामान झाले. जॉर्ज केल्सन यांच्या 'द सॅमन फ्लाय' या १८९५च्या पुस्तकात एकेका माशीसाठी सांगितलेल्या पिसांची यादी वाचली तर साम्राज्याचा नकाशा वाचल्यासारखे वाटते. 'जॉक स्कॉट' नावाच्या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या माशीत राखी रानकोंबडा आहे, मोर आहे, आणि माळढोक-तणमोराच्या कुळातल्या पक्ष्यांची पिसेही आहेत. माळढोकासाठी सोलापूर-नगरच्या माळांवर आपल्याला अभयारण्य करावे लागले. त्याचा नाश माशीने केला असे मी म्हणत नाही. शिकार, शेती आणि विजेच्या तारा यांचा वाटा कितीतरी मोठा. पण रानकोंबड्याच्या मानेला इतका भाव आला होता की त्याची निर्यात सरकारला बंद करावी लागली, आणि पुढे परदेशातल्या हौशी लोकांनी तो पिंजऱ्यात पैदा करून आपली गरज भागवली. हा पिसांचा सोस कुठवर जातो ते २००९ मध्ये दिसले. इंग्लंडात ट्रिंग इथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या शाखेतून संगीत शिकणाऱ्या एका तरुणाने पक्ष्यांची २९९ कातडी पळवली. त्यांतली काही खुद्द आल्फ्रेड रसेल वॉलेसने जमवलेली होती. चोरीचा हेतू सॅमनच्या माश्या बांधण्यासाठी पिसे मिळवणे आणि विकणे. काठ्यांचेही तसेच. वेळूच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या ज्या काठ्यांचा अमेरिकेला अभिमान, त्यांतल्या सुरुवातीच्या काठ्यांचा वेळू कलकत्त्याहून जाई. काठी इथली, पीस इथले, आणि कला मात्र आपल्याशी असंबद्ध! हा संबंध अभिमानाचा नाही. आपण त्यात कच्चा माल पुरवणारे होतो. पण तो संबंधच नाही असे म्हणणे म्हणजे मेलेल्या रानकोंबड्यांना दुसऱ्यांदा विसरणे.

आज माशी बांधायला यातले काहीच लागत नाही, आणि लागले तरी वापरू नये. रानकोंबडा कायद्याने संरक्षित आहे. गावरान कोंबड्याच्या मानेचे पीस तेच काम करते. किंबहुना मुळात तेच काम करत आले आहे. (पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचा वारसा राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून पुढे आले. तेव्हा पिवळ्या पायांच्या गावरान कोंबड्यात सह्याद्री थोडा आहेच.) कोंबड्याचे पीस ताठ असते, त्याचे तंतू एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून ते गळाभोवती उभे गुंडाळले की माशी पाण्यावर तरंगते. कोंबडीचे पीस मऊ; ते पाण्यात भिजून बुडते आणि प्रवाहात हलत राहते. या एका फरकावर इंग्लंडात पंडितांनी पन्नास वर्षे भांडण केले. हॅलफर्ड १८८६ मध्ये म्हणाले की तरंगती माशीच खरी. स्क्यूज १९१० मध्ये म्हणाले की मासा बहुतेक वेळा पाण्याखालीच खातो, तर तिथे जा. आपल्या शास्त्रार्थांची सवय असलेल्याला हे भांडण घरचे वाटेल.

बाकीचे सामान घरातले. घड्याळजीकडे असतो तसा लहान हातशिकंजा, शिंप्याकडचा रेशमी दोरा, त्याला चोळायला मेण, काळ्या लोकरीचा एक पेळू, आणि अंगासाठी मोराच्या पिसाऱ्यातले तीन-चार तंतू. मोर पावसाळ्याच्या शेवटी आपला पिसारा स्वतःच गाळतो, तेवढा पुरे. त्यासाठी कोणाचा जीव घ्यावा लागत नाही. गळाच्या मागच्या वळणापर्यंत दोरा गुंडाळत न्यायचा, तिथे तंतू अडकवायचे, पुढे आणत अंग भरायचे, नाकाजवळ पीस देठाने बांधून तीन-चार वेढे द्यायचे, गाठ मारून तिच्यावर लाखेचा किंवा नखाच्या रंगाचा ठिपका. गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकावा. मासा सोडायचा झाला तर त्याचा जबडा फाटत नाही.

आता पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा. तलावांत आणि धरणांत आज बीज सोडले जाते ते मुख्यतः राहू, कटला, मृगळ यांचे. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, राहू बराचसा वनस्पतींवर, मृगळ तळातल्या गाळावर. यांतला एकही कीटकावर झडप घालणारा नाही. त्यांच्यासाठी माशी बांधणे व्यर्थ. तिथे सोमेश्वराचा पिठाचा गोळाच खरा. हे मी मान्य करतो, आणि 'मी राहूसाठी माशी बांधतो' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये असेही सुचवतो.

पण दख्खनच्या नद्या म्हणजे फक्त बीज सोडलेले पाणी नव्हे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खन पालथा घातला आणि १८३०च्या दशकाअखेर इथल्या माशांचे वर्णन लंडनला सादर केले. खडसाच्या जातीला त्यांनी दिलेले 'खुद्री' हे नाव इथल्याच बोलीतून उचललेले. नमुना पुण्याच्या बाजूच्या मुळा-मुठेचा. त्यांच्या यादीत पाण्याच्या वरच्या थरात झुंडीने फिरणारे चपटे रुपेरी मासे आहेत, वाहत्या पाण्यात तोंड वर करून उभे राहणारे छोटे मासे आहेत. दोघांचाही कीटक हा नेहमीचा घास. खडस तर फळापासून खेकड्यापर्यंत आणि कीटकापासून लहान माशापर्यंत काहीही घेतो. मरळ बेडकावर ज्या आवेशाने तुटून पडतो त्यात नजरेचा भाग किती असतो हे कोणत्याही भोयाला विचारावे. आणि बाहेरून आलेला चिलापी, ज्याच्यामुळे सगळे हैराण आहेत, तोही लहान माशी घेतो. त्याला मात्र सोडू नये; पातेल्यात घालावा.

तेव्हा प्रश्न उरतो वसंताचा, आणि इथे पूर्वपक्ष बरोबर बोलून चुकीच्या ठिकाणी पोचतो. चैत्र-वैशाखात नदी डोहाडोहांत तुटलेली, पाणी तापलेले, त्यातला प्राणवायू कमी. त्या वेळी मासा दमलेला असतो. त्याला ओढून दमवणे म्हणजे मारणेच. म्हणून इथे वसंताची तयारी करायचीच नाही. इंग्रजी पंचांग उलटे धरावे. आपल्याकडे पाणी गढूळ आणि मासा विणीवर असतो तो पावसाळा, हाच माश्या बांधण्याचा काळ. मृगाच्या पहिल्या सरींनंतर दिव्याखाली पंख गाळणारी वाळवी, भाद्रपदात बांधावर उडणारे नाकतोडे, दिवाळीनंतर कालव्याच्या कडेला संध्याकाळी थवे करणारे, न चावणारे बारीक डासासारखे कीटक, हे सगळे त्या त्या वेळी पाहून, वहीत रंग-आकार टिपून ठेवावेत. मग कार्तिक ते माघ, पाणी निवळले की काठावर जावे. त्याआधी त्या पाण्याचा ठेका कोणत्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे ते पाहून परवानगी घ्यावी, आणि अभयारण्याच्या हद्दीत गळ काढूच नये. हे शिष्टाचार आहेत म्हणून नव्हे. त्या पाण्यावर ज्यांचे घर चालते त्यांचा हक्क पहिला आहे म्हणून.

शेवटचा आक्षेप, 'याचा उपयोग काय?' धरून सोडून देण्याच्या खेळाने कोणाचे पोट भरते? याला माझे उत्तर कावेरीतून येते. तिथल्या गॅलिबोरे या ठिकाणी काठीने मासे धरून सोडणाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी ठेवल्या होत्या. एड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्या नोंदी तपासल्या, तेव्हा कावेरीचा मूळचा नारिंगी पंखांचा कुबड्या महसीर झपाट्याने कमी होत असल्याचे आणि त्याची जागा निळसर पंखांचा महसीर घेत असल्याचे उघड झाले. २०१८ मध्ये कुबड्याचे शास्त्रीय नाव 'टॉर रेमादेवी' असे निश्चित झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. जाळ्याच्या हिशेबात हे दिसले नसते. तिथे वजन मोजतात, कोणत्या माशाचे पंख कोणत्या रंगाचे ते लिहीत नाहीत.

आणि तो निळ्या पंखांचा पाहुणा कुठला? आपलाच खडस. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण इथे १९७०च्या दशकात खडसाच्या पैदाशीचे काम उभे केले. धरणांमुळे उजाड झालेल्या नद्यांत तो परत यावा ही इच्छा चांगलीच होती आणि खडसाच्या बाबतीत ती बरीच फळलीही. पण तीच पिल्ले कावेरीत सोडली गेली, आणि एका नदीची भरपाई दुसऱ्या नदीला भोवली. म्हणून 'प्रवरेत माशीचा मासा नाही ना, मग लोणावळ्याहून आणून सोडू' असा जो उत्साही तोडगा हा वाद ऐकून लगेच सुचतो, त्यालाही माझा विरोध आहे. आधी बेलापूर, नेवाशाच्या डोहांत आज काय उरले आहे ते एक हिवाळाभर माशी टाकून, वही भरून पाहावे. त्या वहीत नुसते चिलापीच निघाले तरी ती वही पाटबंधारे खात्यातल्या माझ्या मित्राच्या वाक्यापेक्षा जास्त माहिती देईल.